होडीतून उतरणारी फौज

पहाटे आमच्या काष्टीच्या रस्त्यावर पळायला येणाऱ्या पोरांचं ठरलेलं असतं. कुणाला दौंडच्या एसआरपीत जायचंय, कुणाला जिल्हा पोलिसात, कुणाला अग्निवीर व्हायचंय. अलीकडं त्यांच्या मोबाइलवर नौदलाच्या मार्कोस कमांडोंचे व्हिडिओ फिरायला लागलेत. काळे कपडे, वाढलेली दाढी, हेलिकॉप्टरमधून दोरावरून जहाजावर उतरणारी माणसं. मग पळून झाल्यावर एखादा विचारतो, "मेजर, मरीन म्हणजे नेव्हीच ना?" मी मेकनाइज्ड इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं मेजरच म्हणतात.

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं. नेव्हीचा खलाशी जहाज चालवतो आणि जहाजानं लढतो. पायदळाचा जवान जमिनीवर लढतो. मरीन हा जहाजातून जाणारा लढवय्या. शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचं, शत्रूच्या जहाजावर चढायचं, बंदर ताब्यात घ्यायचं ही त्याची कामं. त्याचं सगळं शिक्षण पाणी संपतं आणि जमीन सुरू होते त्या थोड्याशा अंतरासाठी असतं. आमच्या शनिवारच्या बाजारात टेंपोतून बैल उतरवताना पाहावं. गाडीत तो शांत उभा असतो, खाली आल्यावर दोन माणसांना आवरत नाही. पण फळीवर पहिला पाय ठेवताना तोच बैल थरथरतो. होडीतून उतरणाऱ्या जवानाची अवस्था तशीच असते. छातीपर्यंत पाणी, डोक्यावर धरलेली रायफल, पायाखाली काय आहे ते माहीत नाही, आडोसा नाही, आणि समोरून गोळ्या.

म्हणून समुद्रावर राज्य करू पाहणाऱ्या देशांनी या कामासाठी वेगळी माणसं ठेवली. स्पेनचं सागरी पायदळ १५३७ पासूनचं, जगातलं सर्वांत जुनं मानलं जातं. इंग्रजांनी १६६४ मध्ये, डचांनी १६६५ मध्ये अशी पलटण उभी केली. अमेरिकेची मरीन कोर १० नोव्हेंबर १७७५ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या आधीच स्थापन झाली.

पण हे वाचून आपल्या पोरांनी असं समजू नये की हे कसब परदेशातून आलं. शिवाजी महाराजांच्या आरमारात गलबतं होती ती मुळात माणसं नेऊन शत्रूच्या जहाजावर चढवण्यासाठीच. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वारा पडला तरी चालणारं. गुराब नावाची मोठी जहाजं मागून तोफा डागून शत्रूच्या जहाजाची शिडं आणि डोलकाठ्या मोडायची, आणि मग गलबतांतले लोक तलवारी घेऊन चारी बाजूंनी वर चढायचे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या पद्धतीची युरोपीय जहाजांवर दहशत होती. त्याआधी, १६७९ मध्ये, महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी ती रोखण्यासाठी मुंबईहून माणसं पाठवली. बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी मारला गेला. किनाऱ्यावर पाय ठेवणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी इंग्रजांना कळलं. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावणाऱ्या लाय पाटलांची हकीकतही आपल्याकडं सांगितली जाते. शिड्या लागल्या, पण मागून येणारी माणसं वेळेत आली नाहीत आणि पहाट झाली. लाय पाटलांनी आपलं काम चोख केलं होतं. महाराजांनी त्यांचा सन्मान केला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ आहे ती एका विसरलेल्या पलटणीची. मुंबईत लोकलनं जाणारे हजारो लोक रोज मरीन लाइन्स स्टेशनवर चढतात-उतरतात. ते नाव समुद्रकाठच्या रस्त्यावरून पडलेलं नाही. तिथं मरीन बटालियनच्या बराकी होत्या. ईस्ट इंडिया कंपनीनं १७७७ मध्ये मुंबईत ही पलटण उभी केली. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर बंदूक घेऊन उभं राहायचं काम या देशी शिपायांचं. १८२१ मध्ये अरबस्तानातल्या ओमानमध्ये बेनी बू अली टोळीविरुद्धच्या मोहिमेत ही पलटण लढली. आपल्या देशातले शिपाई जहाजातून उतरून परक्या वाळवंटात लढले, हे शाळेच्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

याच पलटणीतला ड्रिल हवालदार सय्यद हुसेन. १८५७ चं वादळ उत्तरेत पेटलेलं असताना मुंबईतही दिवाळीच्या सुमारास उठाव करायचा बेत शिजत होता. सोनापूरच्या एका घरात बैठका व्हायच्या. पोलीस अधिकारी फोर्जेटनं त्या चोरून ऐकल्या आणि बेत फुटला. १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीतला मंगल गडिया यांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी दिलं. मी हवालदार होतो म्हणून म्हणत नाही, पण पलटणीत ड्रिल हवालदाराचं वजन काय असतं ते मला ठाऊक आहे. पोरं त्याच्या आवाजावर पाऊल टाकतात. त्या माणसाचं नाव मरीन लाइन्सच्या एखाद्या फलाटावर कोरलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. पुढं १९०३ मध्ये या पलटणीला १२१ पायोनियर्स असं नाव मिळालं, नंतर ती बॉम्बे पायोनियर्समध्ये गेली आणि १९३३ मध्ये पायोनियर पलटणीच मोडल्या गेल्या.

स्वतंत्र भारतानं वेगळी मरीन फौज उभी केली नाही. त्याची किंमत आपण दोनदा मोजली. १८ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीची मोहीम. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पोर्तुगीज होते. बेट घ्यायला 'त्रिशूल' युद्धनौकेतून तुकडी उतरली ती खलाशांचीच, जहाजांवरच्या माणसांतून निवडलेली. वरून मशीनगन सुरू झाल्या. बेट घेतलं, पण सात नौसैनिक कामी आले. दुसरी वेळ डिसेंबर १९७१ ची. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गोरखा जवानांना उतरवायचं होतं. किनाऱ्याची नीट पाहणी झालेली नव्हती. जहाज वाळूच्या उंचवट्यावर टेकलं, समोरची फळी पडली, जवान पाण्यात उतरले, तर वाळूच्या पलीकडं खोल पाणी. पाठीवर सगळं सामान. काही जवान बुडाले. तिथं शत्रूची एक गोळीही लागली नव्हती.

मी ज्या गाडीत नोकरी केली ती बीएमपी-२, आपण तिला सारथ म्हणतो. तीही पाण्यात पोहते, म्हणून हे सगळं मला जवळचं वाटतं. चौदा टनांचा लोखंडी डबा पाण्यात घालायचा म्हणजे आधी सगळी झाकणं आणि रबर तपासायचं, पुढची फळी उभी करायची, आत शिरणारं पाणी उपसायचे पंप चालू करायचे. ट्रॅक फिरले की गाडी तासाला सातेक किलोमीटरनं पुढं सरकते. आत सात-आठ माणसं गप्प बसलेली असतात. पाण्यात उतरताना भीती वाटते, पण खरी अडचण बाहेर निघताना येते. काठाचा चिखल, चढ, ट्रॅकला पकड मिळत नाही, गाडी नाक वर करून तिथंच थांबते. नगरला मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, दुष्काळी जिल्ह्याच्या मध्यात. तिथं शिकून गेलेले जवान देशभरच्या नद्या आणि कालवे ओलांडायचा सराव करतात. उतारापेक्षा चढाची जागा आधी बघा, हे मी नव्या पोरांना कायम सांगायचो.

आज आपल्याकडं मरीनचं काम वाटलेलं आहे. लष्कराच्या काही तुकड्या समुद्रातून उतरायचा सराव करतात. बंदरं आणि नौदलाचे तळ सांभाळायला सागर प्रहरी बल आहे. ते २६/११ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये उभं राहिलं. त्या हल्ल्यातले दहा दहशतवादी बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी रबरी होडीतून उतरले होते, आणि त्या थोड्या अंतरात त्यांना अडवायला कुणी नव्हतं. आणि मार्कोस. फेब्रुवारी १९८७ मध्ये ही तुकडी उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेत जाफन्याजवळच्या गुरुनगर धक्क्यावर ते स्फोटकं ओढत पोहत गेले. त्या कामगिरीसाठी लेफ्टनंट अरविंद सिंग यांना महावीर चक्र मिळालं. १९९५ पासून ते काश्मीरच्या वुलर सरोवरावर आहेत. २६/११ ला ताजमध्ये एनएसजीच्या आधी हेच शिरले होते. मार्च २०२४ मध्ये भारतापासून २६०० किलोमीटरवर 'एमव्ही रुएन' हे जहाज सोमाली चाच्यांच्या ताब्यात होतं. हवाई दलाच्या विमानानं मार्कोस आणि त्यांच्या होड्या समुद्रात सोडल्या, 'आयएनएस कोलकाता' तिथं होतीच. चाळीस तासांनी पस्तीस चाचे शरण आले आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले.

पोरं विचारतात, मार्कोसचा फॉर्म कुठं मिळतो? थेट भरती नाही. आधी नौदलात जायचं, ओडिशातल्या आयएनएस चिल्काला खलाशाचं शिक्षण घ्यायचं, मग स्वेच्छेनं नाव द्यायचं. बहुतेक जण निवडीतच गळतात. आणि आमची पोरं जिथं मागं पडतात ते पळण्यात नाही, पोहण्यात. आमच्या लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत ढकलायचे, आठ दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. आता विहिरींना पाणी नसतं, असलं तर आईबाप उतरू देत नाहीत. घोड नदी आमच्या तालुक्यातून वाहत भीमेला मिळते, पण कालव्यात उतरून जीव गमावलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळं आईबापांच्या भीतीलाही कारण आहे. म्हणून उन्हाळ्यात विहिरीला पाणी असेल तोवर मी रविवारी पोरांना घेऊन जातो. दोन जाड दोर, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब, आणि काठावर एक पोहणारा माणूस कायम. आधी पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवतो, मग हात मारायला, आणि शेवटी कपडे आणि बूट घालून पायऱ्यांवरून वर यायला.