भीड भिकेची बहीण
मराठीच्या तासाला म्हणी समजावून सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. पण ‘भीड भिकेची बहीण’ या म्हणीचा खरा अर्थ मला कळला तो कोकणच्या वाटेवरील एका पेट्रोलपंपावर!

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मोटारीने निघालो होतो. पंपावर मी हजाराचे पेट्रोल सांगितले. पोऱ्याने दोनशेवरच नळी थांबवली.

“दोनशेच ना, साहेब?”

“छे, हजार!”

“मग वरचे आठशे घालतो.” नळी पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात दुसरा पोऱ्या काच पुशीत आमच्या प्रवासाची चौकशी करू लागला. त्याच्या अगत्याने मी भारावलो आणि हजार रुपये देऊन निघालो.

मैलभर गेल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आकडा शून्यावर आणलाच नव्हता. दोनशेवरून चढत तो आठशेला थांबला!”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“चारचौघांत तुमचा पाणउतारा नको म्हणून!”

परत फिरून भांडण्याचीही मला भीडच वाटली.

घरी आल्यावर माहिती काढली. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचे पाच लिटरचे माप असते. मागितल्यास त्यात मोजून दाखवावे लागते. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या छाप्यांत उघडकीस आलेल्या चिपांसारखी यंत्रातली लबाडी त्या मापाने पकडता येते. दोनशे-आठशेच्या हिशेबाला मात्र आपले डोळेच हवेत.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत प्रवासाला निघालात तर पंपावर खाली उतरा, शून्य पाहा, पावती मागा. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही. परतीच्या वाटेवर दुसऱ्या एका पंपावरचा मुलगा, मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला होता, “साहेब, शून्य बघून घ्या.”