घरची बोली आणि अंगणवाडीची मराठी : शहापूर-मुरबाड परिसरातील द्विभाषिक बालकांच्या प्रारंभिक भाषाविकासाचे संशोधन

प्रस्तावना

जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतचा काळ हा भाषाविकासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. या काळात बालक ध्वनी ओळखते, शब्द जमविते, वाक्ये रचते आणि कोणाशी कसे बोलावे हेही शिकते. मात्र भाषाविकासाविषयीची बहुसंख्य मानके एकभाषिक, शहरी आणि सुशिक्षित कुटुंबांतील बालकांवरून ठरलेली आहेत. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील बालकाला ही मानके जशीच्या तशी लावली, तर काय घडते?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे तीन वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणावे. अंगणवाडीत सेविकेने चित्र दाखवून नाव विचारले असता ते गप्प राहते. तेच मूल घराच्या ओट्यावर आजीशी अखंड बोलत असते. अंगणवाडीतील निरीक्षणापुरते पाहिले तर ते ‘उशिरा बोलणारे’ ठरते; घरी पाहिले तर त्याच्या वाढीत काहीही उणे नसते. याच्या उलटही घडू शकते. एखाद्या मुलाला खरोखरच कमी ऐकू येत असते, परंतु ‘त्याला मराठी समजत नाही’ एवढ्यावरच त्याची मौनता खपून जाते. पहिल्या चुकीत निरोगी मुलावर शिक्का बसतो आणि दुसऱ्या चुकीत उपचाराची वर्षे वाया जातात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब या दोहोंचा तपासणीत समावेश आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

अशा बालकांच्या भाषाविकासाचे संशोधन कोणत्या पद्धतीने करावे आणि त्यात कोणत्या चुका टाळाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भाषिक परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर शहापूर आणि मुरबाड हे उर्वरित ठाणे जिल्ह्याचे प्रमुख ग्रामीण-आदिवासी तालुके राहिले. १९८५ च्या आदेशानुसार शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमाती आणि त्यांच्यासोबत कुणबी, आगरी इत्यादी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कसारा लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या कडेने आलेल्या कारखान्यांमुळे आसनगाव, वासिंद या पट्ट्यात हिंदीभाषक कुटुंबेही वसली आहेत. म्हणजेच येथील बालकाच्या कानावर घरची बोली, गावातील इतर समाजांची बोली, अंगणवाडी-शाळेतील प्रमाण मराठी आणि बाजारातील हिंदी अशा अनेक भाषारूपांचे संस्कार होत असतात.

यांपैकी भाषा कोणती आणि बोली कोणती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वारली, कातकरी आणि ठाकरी यांचा विचार मराठीच्या बोली म्हणून केलेला आहे. जनगणनेत मात्र वारलीची गणना भिली गटात होते. शिवाय दहा हजारांहून कमी भाषकांच्या मातृभाषा जनगणनेच्या अहवालात स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. एकाच बोलीची अशी दोन वर्गीकरणे असताना, ती घरी बोलणारे आणि अंगणवाडीत मराठी ऐकणारे मूल ‘एकभाषिक’ समजावे की ‘द्विभाषिक’? संशोधकाने वर्गीकरणाच्या वादात न अडकता बालकाच्या प्रत्यक्ष अनुभवाकडे पाहावे, हे उत्तम. त्याला दोन वेगळ्या व्यवस्था आत्मसात कराव्या लागत असतील, तर संशोधनाच्या दृष्टीने ते द्विभाषिकच होय.

जुनी चूक आणि तिची दुरुस्ती

द्विभाषिकतेमुळे बुद्धीवर ताण पडतो, हा समज एके काळी संशोधनातूनच दृढ झाला होता. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्समधील ग्रामीण द्विभाषिक मुले बुद्धिमापन चाचण्यांत मागे असल्याचे नोंदविले. अशा अभ्यासांत आर्थिक स्थिती, शाळेचा दर्जा आणि चाचणीची भाषा यांचा परिणाम पुरेसा वेगळा काढलेला नव्हता. पील आणि लँबर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियल येथील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास सामाजिक-आर्थिक स्तर समान ठेवून केला, तेव्हा निष्कर्ष नेमका उलट आला.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अजित मोहंती यांनी ओडिशातील तत्कालीन फुलबनी जिल्ह्यात कोंध जमातीत केलेले संशोधन. तेथे एका भागातील कोंध मुले कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलत, तर दुसऱ्या भागातील कोंधांची कुई लोप पावून ते केवळ ओडियाभाषक झाले होते. जमात आणि राहणीमान सारखे, फरक फक्त भाषेचा. अशी तुलना निसर्गतःच उपलब्ध होती. भाषेविषयी विचार करण्याच्या क्षमतेत द्विभाषिक मुले सरस आढळली. शहापूर-मुरबाडमध्येही काही कुटुंबांत घरची बोली टिकून आहे आणि काहींत मागे पडत आहे. पाड्यावरच्या मुलांची तुलना ठाणे शहरातील मुलांशी करण्यापेक्षा, एकाच तालुक्यातील एकाच समाजाच्या या दोन प्रकारच्या कुटुंबांत करणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक निर्दोष ठरेल.

शब्द मोजावेत कसे?

लहान मुलाचा शब्दसंग्रह मोजण्यासाठी पालकांना शब्दांची यादी दाखवून ‘हा शब्द मूल समजते का, बोलते का’ असे विचारण्याची पद्धत जगभर रूढ आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेली मॅकआर्थर सूची हे तिचे प्रसिद्ध रूप. त्याच वर्षी पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी व स्पॅनिश ऐकणाऱ्या बालकांच्या अभ्यासातून असे दाखविले की, कोणत्याही एकाच भाषेतील शब्द मोजल्यास द्विभाषिक बालक मागे असल्याचा भास होतो. दोन्ही भाषांतील संकल्पना एकत्र मोजल्या की हे अंतर उरत नाही.

काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका मुलाला घरच्या बोलीत ४० आणि मराठीत २५ शब्द येतात. त्यांतील १५ अर्थांसाठी त्याच्याजवळ दोन्हीकडचे शब्द आहेत. केवळ मराठीची यादी वापरणारा संशोधक २५ ही संख्या नोंदवील. प्रत्यक्षात त्या मुलाने ५० अर्थ शब्दांत बांधलेले आहेत.

मात्र इंग्रजी-स्पॅनिशसाठी तयार झालेली ही रीत येथे सरसकट लागू पडत नाही. घरची बोली आणि मराठी एकमेकींच्या निकट असल्याने पुष्कळ शब्द थोड्या ध्वनिभेदाने सारखेच असतात. ‘पाणी’ आणि ‘पानी’ हे दोन शब्द धरावेत की एक? येथे तीन नियम उपयुक्त ठरतील. केवळ उच्चारभेद असलेली रूपे एकच शब्द म्हणून मोजावीत. एकाच अर्थाचे भिन्न शब्द दोन म्हणून नोंदवावेत, परंतु संकल्पना एकच धरावी. प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे यांची नोंद शब्दसंग्रहात न मिसळता स्वतंत्रपणे ठेवावी, कारण निकटच्या बोलींतील खरा भेद पुष्कळदा शब्दांपेक्षा व्याकरणात असतो.

यादीतील शब्दांची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. शहरी चाचणीतील शीतकपाट किंवा स्नानाचा टब न ओळखणारे मूल खेकडा, करवंद, नाचणी, टोपली, कोयता ही नावे सहज सांगते. यादी प्रथम पाड्यावरील आया-आजींशी बोलून तयार करावी आणि मगच मुलांपुढे ठेवावी. मातेला अक्षरओळख नसेल तर यादी वाचायला न देता तिच्याच बोलीत मुलाखत घ्यावी.

उच्चारांचा प्रश्न

‘ण’ आणि ‘ळ’ नीट न उच्चारणारे मूल शिक्षकांना सदोष वाटते. उत्तर कोकणातील अनेक बोलींत मात्र ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ हा मोठ्यांचाच उच्चार आहे. तेथे ‘डोळा’ हा ‘डोला’ असतो. वर्कर आणि टीस यांच्या १९८४ च्या सुप्रसिद्ध प्रयोगात इंग्रजी कुटुंबांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता बहुतांशी मावळली. बालकाचा कान भोवतालच्या भाषेनुसार घडतो, हा त्याचा मथितार्थ. म्हणून ‘डोला’ म्हणणाऱ्या मुलाची तुलना पाठ्यपुस्तकाशी न करता त्याच्या आईच्या उच्चाराशी करावी. आईच्या बोलीत असलेला ध्वनी मुलाला येत नसेल, तरच तो तपासणीचा विषय होय.

घर, अंगण आणि वीटभट्टी

मूल कोणती भाषा किती ऐकते, हे ठरविण्यासाठी ‘मातृभाषा कोणती?’ हा एक प्रश्न पुरेसा नाही. आपली बोली अशुद्ध आहे असे ऐकत आलेली माता परक्यापुढे ‘मराठी’ असेच उत्तर देण्याचा संभव असतो. संशोधक समोर असताना ती मुलाशीही मराठीत बोलू लागते. म्हणून दिवसभरात मुलाजवळ कोण असते, कोण कोणत्या बोलीत बोलते आणि किती वेळ, अशी व्यक्तिनिहाय नोंद घ्यावी लागते. आई शेतावर किंवा मजुरीवर असताना मूल आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५ मध्ये कॅन्ससमधील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून गरीब घरांतील मुले फार कमी शब्द ऐकतात असा निष्कर्ष मांडला. स्पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, अनेक संगोपकांचे बोलणे आणि मुलाच्या कानावर पडणारे इतर संभाषण धरल्यास चित्र बदलते. एकत्र कुटुंबाच्या आणि सामाईक अंगणाच्या पाड्यावर हा मुद्दा विशेष लागू पडतो.

अविभक्त ठाणे जिल्ह्यातच याचा एक मोठा पूर्वदाखला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले बालशिक्षणाचे कार्य सर्वज्ञात आहे. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा ‘अंगणवाडी’मागील मूळ विचार तेथेच आकाराला आला. संशोधनालाही तोच न्याय लावावा. बालकाचे भाषिक सामर्थ्य त्याच्या अंगणात, त्याच्या माणसांत नोंदवावे. अंगणवाडीतील निरीक्षण ही दुसरी बाजू म्हणून ठेवावी.

सर्वांत कठीण अडचण स्थलांतराची. भातकापणी आटोपल्यावर अनेक कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. दरमहा एकाच गावी भेट देण्याची योजना केल्यास नेमकी हीच मुले अभ्यासातून गळतात. उरलेल्या मुलांवरून काढलेले निष्कर्ष मग संपूर्ण समाजाला लागू केले जातात. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालवून शिक्षण कुटुंबामागे नेता येते हे दाखविले आहे. संशोधकानेही जाण्यापूर्वी, भट्टीवर आणि परतल्यावर अशा तीन टप्प्यांत नोंदी घ्याव्यात. भट्टीवर मूल कोणती नवी भाषा ऐकते, हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊ शकेल.

याखेरीज दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. भाषाविकासाचे वय महिन्यांत मोजतात. घरी किंवा भट्टीवर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख अनिश्चित असल्यास अंगणवाडीची नोंदवही, माता-बाल संरक्षण कार्ड आणि सण-हंगामांची आठवण यांचा मेळ घालावा. तसेच कुपोषण आणि कानाचे विकार यांचा भाषेवर परिणाम होतो, म्हणून वजनाच्या नोंदी व श्रवणतपासणी यांवाचून कोणत्याही मुलाला ‘विलंबित’ म्हणू नये.

महाविद्यालयांची भूमिका

शेजारच्या वाडा तालुक्यात २०१० च्या दशकात मराठीतून वाचन-लेखन शिकणाऱ्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. त्याची दुसरी बाजू कर्नाटकातील यादगीर येथे होती. तो अभ्यास प्राथमिक शाळेतील मुलांचा होता. शाळेपूर्वीच्या वयाचे क्षेत्र अद्याप पुष्कळ मोकळे आहे, आणि येथे स्थानिक महाविद्यालयांजवळ असे साधन आहे जे मोठ्या संस्थांजवळ सहसा नसते. त्यांच्या वर्गांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजांतील विद्यार्थी बसतात. ज्या आईपुढे परका संशोधक मराठीची अपेक्षा घेऊन जातो, तिच्याशी हा विद्यार्थी तिच्याच बोलीत बोलू शकतो. मराठी विभागाने शब्दयादी व ध्वनिमुद्रण, मानसशास्त्र विभागाने निरीक्षण, समाजशास्त्र विभागाने स्थलांतराच्या नोंदी आणि संख्याशास्त्र विभागाने विश्लेषण हाती घेतल्यास आंतरविद्याशाखीय प्रकल्प उभा राहू शकतो.

मात्र पालकांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत घेणे, अक्षरओळख नसल्यास निःपक्ष साक्षीदारासमोर अंगठा घेणे आणि कोणत्याही मुलाचे नाव अहवालात न देणे, ही बंधने विद्यार्थी-संशोधकांनाही तितकीच लागू आहेत. निष्कर्ष प्रथम पाड्यावर आणि अंगणवाडीत सांगावेत. ज्यांच्या मुलांविषयी लिहिले जाते त्यांना ते कळले पाहिजे.

समारोप

राज्यघटनेच्या ३५०(अ) अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे निर्देश आहेत; शिक्षणहक्क कायदा, २००९ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यांतही घरच्या भाषेला महत्त्व दिलेले आहे. परंतु मुलाला घरी कोणती भाषा किती येते हेच ठाऊक नसेल, तर या तरतुदी कागदावर राहतात. शहापूर-मुरबाडच्या बालकाविषयीचा पहिला प्रश्न ‘त्याला मराठी किती येते?’ हा नसून ‘त्याला एकूण किती सांगता येते, आणि कोणाशी?’ हा असला पाहिजे. हा प्रश्न आधी विचारला, तर गप्प बसलेल्या मुलांतून खरोखर मदतीची गरज असलेले मूल वेळेवर ओळखता येईल, आणि उरलेल्यांवर मंदपणाचा शिक्का बसणार नाही.