अजिंठ्याच्या विहारातील तर्कपंडित

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन करताना तेथे पूर्वी आचार्य दिङ्नागाचे वारंवार वास्तव्य असे, अशी नोंद केली. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर, खानदेशच्या सीमेवर असलेली अजिंठ्याची लेणी हाच तो विहार, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. कांचीजवळ जन्मलेल्या आणि परंपरेने वसुबंधूचा शिष्य मानलेल्या या आचार्याने, साधारणतः पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकाळात, ज्ञानाची साधने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच ठरवली, आणि आप्तवचनालाही अनुमानातच सामावून घेतले, ही त्या काळी मोठ्या धैर्याची गोष्ट होती. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, या अनुमानातील हेतू म्हणजे धूर. तो डोंगरावर असावा, स्वयंपाकघरासारख्या अग्नियुक्त स्थळी आढळावा आणि सरोवरासारख्या अग्निरहित स्थळी मुळीच नसावा, या तीन अटींना ‘त्रैरूप्य’ म्हणतात. ‘हेतुचक्रा’त त्याने हेतूचे नऊ प्रकार मांडून त्यांपैकी दोनच निर्दोष ठरवले. ‘प्रमाणसमुच्चय’ हा त्याचा मुख्य ग्रंथ मात्र शतकानुशतके प्रामुख्याने तिबेटी भाषांतरांतूनच वाचला गेला.