परीक्षेची जागा कोणाची?

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी की घरी बसून, हा प्रश्न आपल्याकडे सोयीचा म्हणून चर्चिला जातो. 'घरी' या शब्दात काय काय गृहीत धरले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. स्वतंत्र खोली, टेबल, दार लावून घेण्याची मुभा, न तुटणारे इंटरनेट आणि भर दुपारी तीन तास गप्प राहू शकणारे कुटुंब, एवढे सगळे त्या एका शब्दात बसवलेले असते. दहिसरच्या गणपत पाटील नगरात किंवा केतकीपाड्याच्या चढावर घर म्हणजे असे काही नसते. मी याच भागात राहतो, उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. तेव्हा या प्रश्नाकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, आणि पाहावे असेही वाटत नाही.

कॉलेजात न जाता पदवी मिळवण्याची मागणी संगणकाने जन्माला घातलेली नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी ती केली होती. मुंबई विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला खाजगी विद्यार्थ्यांना बसता येऊ लागले, याचे त्यांनी स्वागत केले आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. नाना कारणांनी अनेकांना कॉलेजात जाऊन शिकणे अशक्य असते, हे त्यांचे म्हणणे. 1946 मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा पोट भरत शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, त्यामागेही हीच जाण होती. पुढे 1971 मध्ये मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले, 1989 मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ आले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. अभ्यास वाटेल तिथे करा, परीक्षा मात्र केंद्रावर द्या.

ही रीत 2020 मध्ये मोडली. अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलैला सांगितले. साथ पाहता परीक्षा नको, ही राज्य सरकारची भूमिका. 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. मग मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये घरबसल्या, बहुपर्यायी प्रश्नांची, पन्नास गुणांची, एका तासाची परीक्षा घेतली. दूरशिक्षणाच्या परीक्षेत तर यंत्रणाच कोलमडली आणि काही पेपर पुढे ढकलावे लागले.

माझी एक विद्यार्थिनी त्या वर्षी भावाच्या फोनवर परीक्षेला बसली. भाऊ पार्सले पोचवणारा. त्याने तेवढ्यापुरते काम थांबवले, पण फोन थांबत नाही. पेपर निम्मा झाला असताना कोणा गिऱ्हाईकाचा फोन आला आणि पान बंद पडले. पुन्हा आत शिरेपर्यंत अकरा मिनिटे उरली होती. घरात रेंज नव्हती म्हणून ती गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळाजवळ उभी होती. ती पास झाली. 'पास झाली ना, मग झाले!' असे आमच्या स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले. त्यांच्या मुलाने तोच पेपर वातानुकूलित खोलीत दिला होता.

पण जागेचा आणि फोनचा प्रश्न पैशाने तरी सुटेल. दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे, आणि त्याकडे आपल्या चळवळीचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. लेखी परीक्षेत विद्यार्थी म्हणजे एक आसन क्रमांक असतो. उत्तरपत्रिकेवर बारकोड लागतो, तेव्हा तपासणाऱ्याला तो क्रमांकही दिसत नाही. आडनाव, वस्ती, बोली, बापाचा धंदा हे सारे दाराबाहेर राहते. अंतर्गत गुणांच्या वेळी शिक्षकाला आडनाव ठाऊक असते. त्याचा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी घेतला आहे त्यांना या आंधळेपणाची किंमत वेगळी सांगायला नको. आता ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली परीक्षा घेण्याची मुभा आयोगाच्या 2020 च्या नियमांनी दिली आहे. कॅमेरा काय पाहतो? ताडपत्री, रचलेले हंडे, मागून जाणारी आजी आणि भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. आजी मागून गेली की तो संशयास्पद हालचाल म्हणून नोंदवतो. तसबिरीची नोंद कुठे होत नसेल, पण पाहणारा माणूस असेल तर ती त्याला दिसतेच. जी ओळख बाहेर ठेवण्याची सोय परीक्षा केंद्राने अजाणता केली होती, ती इथे पुन्हा आत येते.

म्हणून 2022 च्या उन्हाळी सत्रात केंद्रावरची लेखी परीक्षा परत आली, तासाला पंधरा मिनिटे जादा मिळाली, तेव्हा ऑनलाइनच हवी म्हणून ओरडणाऱ्या मुलांशी मी वाद घातला. त्यांचेही चूक नव्हते. दोन वर्षांत लिहिण्याचा हात गेला होता. केंद्रही फुकट पडत नाही. रोजंदारी बुडते, केंद्र अंधेरीला असेल तर गर्दीच्या वेळची विरार लोकल दहिसरला पकडायची म्हणजे काय, हे इथल्या माणसाला विचारावे. मेट्रो झाली खरी, पण तिचे रोजचे जाण्यायेण्याचे भाडे अनेक घरांना जड जाते. तरीही त्या तीन तासांचा बाक, पंखा, उजेड आणि शांतता सार्वजनिक असते. माझ्या आयुष्यात मला कोणी उठवणार नाही अशी पहिली जागा परीक्षेच्या बाकाची होती. परळच्या चाळीत, एका खोलीत, पहाटे दोनला उठून अभ्यास करणाऱ्या भीमरावांची गोष्ट आपण जयंतीला सांगतो, आणि त्या खोलीची गोष्ट विसरतो.

आता कामाचे. हॉलतिकीट हाती आले की नाव, विषय, माध्यम आणि केंद्र त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सत्राच्या सुरुवातीलाच लक्षात घ्या. कामामुळे गैरहजर राहावे लागत असेल तर प्राचार्यांना आधी कळवा. शेवटच्या आठवड्यात केलेली रडारड उपयोगाची नसते. परीक्षा शुल्क भारत सरकार शिष्यवृत्तीत धरलेले असते, तेव्हा महाडीबीटीचा अर्ज वेळेत भरा. शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही म्हणून हॉलतिकीट अडवले, तर एकट्याने खिडकीशी भांडू नका; चारपाच जण मिळून प्राचार्यांकडे लेखी जा. दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. हे आधी अर्ज करून ठरवायचे असते. फोन केंद्राबाहेर ठेवा. गैरप्रकारांविरुद्ध 1982 पासून कायदा आहे, आणि त्याच्या तावडीत आधी सापडतो तो ज्याला बाहेरून फोन करणारा कोणी नसतो.

ऑनलाइन परीक्षा वाट्याला आलीच, तर आधीचा सराव पेपर त्याच फोनवर आणि त्याच जागी देऊन पाहा. पान बंद पडले तर वेळ टिपून ठेवा, पडद्याचे चित्र काढा आणि तक्रार त्याच दिवशी पाठवा. त्याआधी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा लेखी मागा. माझ्या अनुभवात ती अनेकदा रिकामीच असते. कोणी मागत नाही म्हणून कोणी देत नाही.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात परीक्षेच्या महिन्यात आम्ही सहा टेबले मांडतो. संध्याकाळी सात ते अकरा लाऊडस्पीकर बंद असतो. पहिल्या वर्षी त्यावरून बरेच भांडण झाले. दुसऱ्या वर्षी टेबले कमी पडली आणि मुली जिन्यावर बसल्या; या वेळी शेजारच्या पालिका शाळेचा एक वर्ग संध्याकाळपुरता मिळावा म्हणून अर्ज केला आहे.