सापाला रात्री बघायचं, तर दिवा कोणता?

आधी कायद्याचं बोलू. आपलं मीरा-भाईंदर एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला आणि दुसऱ्या बाजूला खाडीला टेकलेलं. सोसायटीच्या आवारात धामण, नाग किंवा घोणस निघाली तर आश्चर्य नको. पण यातला एकही साप पकडून घरी ठेवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. साप दिसला की वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करायचा. राहिले परदेशी साप. उदाहरणार्थ, आफ्रिकेतला बॉल पायथन. तो बिनविषारी असतो, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

समजा, रीतसर नोंदणी केलेला असा पायथन तुमच्या मित्राकडे आहे. दिवसभर हे महाशय लपून झोपणार आणि आपण झोपायला गेलो की फिरायला निघणार! मग त्याला बघायचं कसं? बाजारात यासाठी दोन बल्ब मिळतात, 'चांदण्याचा' निळा आणि 'सापाला न दिसणारा' लाल. दोन्ही दावे जरा तपासून पाहू.

पायथनच्या डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या रॉड पेशी खूप असतात. त्या साधारण ४९४ नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वात जास्त दाद देतात. म्हणजे निळा बल्ब लावणं हे त्याच्या डोळ्यावर टॉर्च मारण्यासारखंच झालं. लाल प्रकाश त्याला बराच कमी दिसतो, पण अजिबात दिसत नाही असं नाही. शिवाय साध्या फिलामेंट बल्बच्या शंभर वॅटमधले जेमतेम पाच वॅट उजेड देतात, बाकी सगळी उष्णता.

आणि खरी गंमत उष्णतेचीच आहे. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. फर्स्ट इयरचा वीनचा नियम आठवतोय? उंदराचं शरीर ३७ अंशांवर, म्हणजे ३१० केल्विन. २८९८ भागिले ३१०, उत्तर सुमारे ९.३ मायक्रॉन. उंदीर अंधारात याच तरंगलांबीच्या आसपास 'चमकत' असतो आणि खळग्यांना ते कळतं. तिथे शेजारी रात्रभर तापलेला बल्ब टांगला, तर लाल काय आणि निळा काय, सापाला त्याचा पत्ता लागणारच.

मग उपाय? बल्ब सोडा, कॅमेरा घ्या. नाइट व्हिजन कॅमेऱ्यात इन्फ्रारेड एलईडी असतात, ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे. ही तरंगलांबी पायथनच्या डोळ्यांच्या पलीकडची. खळगे ज्या उष्णतेसाठी बनलेत, तिची तरंगलांबी याच्या दहापट. ८५० मध्ये चित्र जास्त स्वच्छ येतं, कारण सिलिकॉन सेन्सर तिथे जास्त संवेदनशील असतो. पण अंधारात त्या एलईडी आपल्यालाही मंद लाल दिसतात. ९४० मध्ये ती लाली नसते. पेटी दोन-तीन फुटांची असेल तर अंतर कमी, म्हणून ९४० पुरे. टीव्हीच्या रिमोटमध्येही साधारण याच जातीचा एलईडी असतो. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर बटण दाबून बघा, बहुतेक वेळा तो लुकलुकताना दिसेल.

स्वतःच्या डोळ्यांनीच बघायचं असेल, तर मंद एलईडी पेटीच्या बाहेर, लांब ठेवा आणि पाच-दहा मिनिटांत बंद करा. अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा प्रकाश एक चतुर्थांश होतो, त्यामुळे डिमर नसला तरी काम भागतं. थंडीत ऊब लागलीच, तर ती उजेड न देणाऱ्या सिरॅमिक हीटरने द्या, आणि त्याला थर्मोस्टॅट हवाच. दिवसाचा दिवा टायमरवर टाका, म्हणजे बारा तास उजेड आणि बारा तास काळोख आपोआप मिळेल.

थोडक्यात, रात्रीचा दिवा सापाला नको असतो, तो आपल्याला हवा असतो. मग अॅडजस्टमेंटही आपणच करायला हवी, नाही का?