नॅशव्हिलमधील बेसबॉल मैदाने

नॅशव्हिल ही अमेरिकेच्या टेनेसी राज्याची राजधानी होय. या शहरात व्यावसायिक बेसबॉलची परंपरा १८८५ पासून चालत आली आहे. शहरातील संघ प्रामुख्याने मायनर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या दुय्यम श्रेणीत खेळत आले आहेत. मायनर लीगमधील बहुतेक संघ आज मेजर लीगमधील एखाद्या मोठ्या संघाशी संलग्न असतात आणि त्या संघासाठी खेळाडू तयार करतात. नॅशव्हिलमधील या खेळाचा इतिहास मुख्यत्वे सल्फर डेल, विल्सन पार्क, हर्शेल ग्रीअर स्टेडियम आणि फर्स्ट होरायझन पार्क या चार मैदानांशी निगडित आहे. यांपैकी पहिले आणि शेवटचे मैदान एकाच सखल भागात वसलेले आहे. चारही मैदानांच्या इतिहासात खेळाबरोबरच जमिनीची मालकी, वर्णभेद आणि सार्वजनिक स्मृती हे प्रश्न गुंतलेले दिसतात.

सल्फर डेल

पार्श्वभूमी

टेनेसीच्या विधानभवनाच्या उत्तरेस, कंबरलँड नदीजवळ एक खोलगट भाग आहे. तेथे गंधकयुक्त व खारट पाण्याचा झरा होता. मिठाच्या ओढीने प्राणी तेथे येत, त्यांच्या मागावर शिकारी येत आणि पुढे कातड्यांचे व्यापारीही येऊ लागले. एकोणिसाव्या शतकात नागरिक झऱ्याचे पाणी पिण्यासाठी व सहलीसाठी तेथे जमत. यादवी युद्धानंतर याच मोकळ्या जागेवर हौशी बेसबॉल रुजला.

१८८५ साली सदर्न लीगची स्थापना झाली, तेव्हा ‘नॅशव्हिल अमेरिकन्स’ हा संघ तीत सामील झाला. त्याच्यासाठी या जागी लाकडी प्रेक्षकसज्जा उभारण्यात आली व मैदानाला ‘ॲथलेटिक पार्क’ असे नाव मिळाले. १९०१ साली सदर्न असोसिएशन ही नवी लीग सुरू झाली. नॅशव्हिलच्या संघाने पहिल्या दोन्ही वर्षी तिचे विजेतेपद पटकावले. १९०८ पासून हा संघ ‘व्हॉलंटिअर्स’ किंवा थोडक्यात ‘व्हॉल्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. टेनेसीला ‘स्वयंसेवकांचे राज्य’ असे टोपणनाव आहे. त्यावरून हे नाव आले.

मैदानाचे नवे नावही १९०८ सालचेच. डेल म्हणजे लहानशी दरी. तेव्हा नॅशव्हिलच्या वृत्तपत्रात लिहिणारे आणि पुढे देशभर ख्याती पावलेले क्रीडापत्रकार ग्रँटलँड राइस यांनी ‘सल्फर डेल’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला याच मैदानावर व्हॉल्सने न्यू ऑर्लिन्सच्या पेलिकन्सचा १–० असा पराभव करून विजेतेपद मिळवले. तो हंगामाचा अखेरचा सामना होता आणि त्याच सामन्यावर विजेतेपद ठरणार होते.

रचना

मूळ रचनेत चेंडू टोलवणाऱ्या खेळाडूचे तोंड नैर्ऋत्येस, विधानभवनाच्या दिशेने असे. त्यामुळे दुपारी कलता सूर्य थेट डोळ्यांवर येई. १९२६ च्या हंगामानंतर जुनी लाकडी सज्जा पाडून पोलाद व काँक्रीटची नवी सज्जा बांधण्यात आली आणि मैदानाची दिशा उलटी करण्यात आली. होम प्लेट, म्हणजे जेथून चेंडू टोलवला जातो ते स्थान, आता नैर्ऋत्य कोपऱ्यात आले.

या बदलाने उन्हाचा प्रश्न सुटला, पण सल्फर डेलचे सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्यही त्यातूनच निर्माण झाले. मैदान आसपासच्या रस्त्यांपेक्षा खोल होते. त्यामुळे कुंपणाकडील भाग उताराच्या रूपाने वर चढत जाई. उजव्या बाजूचे कुंपण होम प्लेटपासून केवळ २६२ फूट (सुमारे ८० मीटर) दूर होते आणि त्याचा पाया आतील मैदानाच्या पातळीपेक्षा २० फुटांहून अधिक उंचावर होता. चढणीच्या मध्यावर एक अरुंद सपाट पट्टी होती. उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक तेथे उभा राही. चेंडू आखूड पडल्यास त्याला उतारावरून खाली धावावे लागे आणि लांब गेल्यास वर चढावे लागे. अशा क्षेत्ररक्षकांना थट्टेने ‘डोंगरी बकऱ्या’ म्हणत. कुंपण जवळ असल्याने त्यावर उंच जाळीही उभारलेली होती.

या रचनेचा खेळावर होणारा परिणाम बॉब लेनन या खेळाडूच्या कामगिरीवरून स्पष्ट होतो. क्रिकेटमधील षटकाराप्रमाणे चेंडू थेट कुंपणापार गेल्यास बेसबॉलमध्ये होम रन मिळते. डावखुऱ्या लेननने १९५४ च्या हंगामात ६४ होम रन फटकावून सदर्न असोसिएशनचा विक्रम केला. त्यांपैकी बहुसंख्य होम रन सल्फर डेलवरच्या होत्या. पुढे मेजर लीगच्या संपूर्ण कारकिर्दीत मात्र त्याच्या नावावर एकच होम रन लागली. जवळचे कुंपण डावखुऱ्या खेळाडूला जेवढे वरदान ठरे, तेवढेच ते चेंडू फेकणाऱ्या पिचरला जाचक होई.

नदीच्या पुराचे पाणी मैदानात अनेकदा शिरत असे. शिवाय शहराचा कचरा डेपो जवळच असल्याने हवेत दुर्गंधी पसरे.

अखेर

१९५० च्या दशकात दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे मायनर लीगचे प्रेक्षक सर्वत्र घटले. व्हॉल्स संघ वाचवण्यासाठी १९५९ साली नागरिकांनी ‘व्हॉल्स इन्कॉर्पोरेटेड’ ही कंपनी स्थापन केली. तिचा एक समभाग पाच डॉलरला विकण्यात आला आणि संघाची मालकी हजारो सामान्य भागधारकांकडे आली. व्यावसायिक हर्शेल ग्रीअर हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

या प्रयत्नांना फार काळ यश आले नाही. सदर्न असोसिएशन शेवटपर्यंत जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंची लीग राहिली. १९५४ साली अटलांटाच्या संघातून नॅट पीपल्स या कृष्णवर्णीय खेळाडूने दोन सामने खेळले, एवढाच काय तो अपवाद. मेजर लीगमध्ये १९४७ पासून वर्णभेदाची भिंत ढासळू लागली होती. जी लीग कृष्णवर्णीय खेळाडू घेत नाही, तिच्याशी संबंध ठेवणे मोठ्या संघांना अवघड होऊ लागले. १९६१ च्या हंगामानंतर सदर्न असोसिएशन बंद पडली. व्हॉल्स १९६३ साली दुसऱ्या लीगमधून आणखी एक हंगाम खेळले. त्यानंतर तो संघही संपुष्टात आला.

सल्फर डेलवर १९६५ साली काही काळ मोटारशर्यती झाल्या. त्यानंतर जप्त केलेली वाहने ठेवण्यासाठी या जागेचा उपयोग होऊ लागला. १९६९ साली प्रेक्षकसज्जा पाडण्यात आली आणि पुढे अनेक वर्षे ही जागा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वाहनतळ म्हणून वापरात होती.

विल्सन पार्क

वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंचे स्वतंत्र संघ व स्वतंत्र लीग होत्या. तत्कालीन प्रचलित शब्दानुसार त्यांना ‘नीग्रो लीग’ म्हटले जाई. नॅशव्हिलचा ‘ईलाइट जायंट्स’ हा अशा संघांपैकी एक असून टॉम विल्सन हे कृष्णवर्णीय उद्योजक त्याचे मालक होते. हा संघ सल्फर डेलवरही सामने खेळे. परंतु मैदान दुसऱ्याचे असल्याने तारखा मिळणे यजमानांच्या सोयीवर अवलंबून राही.

१९२९ साली विल्सन यांनी शहराच्या दक्षिणेकडील ट्रिंबल बॉटम या कृष्णवर्णीय वस्तीत संघासाठी स्वतःचे मैदान बांधले. कृष्णवर्णीय मालकाच्या स्वतःच्या मालकीची मैदाने त्या काळी देशात फारच थोडी होती. १९३० साली संघाला नीग्रो नॅशनल लीगमध्ये प्रवेश मिळाला. १९३५ साली संघाने नॅशव्हिल सोडले आणि कोलंबस व वॉशिंग्टन येथे काही काळ खेळून १९३८ साली तो बाल्टिमोरला स्थिरावला. विल्सन यांनी पुढे नीग्रो नॅशनल लीगचे अध्यक्षपदही भूषवले. विल्सन पार्कचे आज कोणतेही अवशेष उरलेले नाहीत.

हर्शेल ग्रीअर स्टेडियम

१९६४ ते १९७७ या काळात नॅशव्हिलमध्ये व्यावसायिक संघ नव्हता. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे बेसबॉल प्रशिक्षक लॅरी श्मिटू यांनी काही भागीदारांसह ‘नॅशव्हिल साउंड्स’ या नव्या संघाची स्थापना केली. शहरात संगीताचा मोठा उद्योग असल्याने संघाला ‘साउंड्स’ हे नाव देण्यात आले. शहराच्या दक्षिणेस, सेंट क्लाउड टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेची जागा भाडेपट्ट्याने घेऊन तेथे स्टेडियम उभारण्यात आले. त्याला हर्शेल ग्रीअर यांचे नाव देण्यात आले. पहिला सामना २६ एप्रिल १९७८ रोजी झाला. त्या हंगामात ३,८०,१५९ प्रेक्षकांनी हजेरी लावली. त्या वर्षी मायनर लीगच्या अन्य कोणत्याही संघाला एवढे प्रेक्षक लाभले नाहीत.

१९८५ साली साउंड्सला मायनर लीगच्या सर्वोच्च, म्हणजे ‘ट्रिपल-ए’ श्रेणीत स्थान मिळाले. १९९३ साली येथे गिटारच्या आकाराचा भव्य गुणफलक बसवण्यात आला आणि तोच स्टेडियमची ओळख बनला. पुढे नव्या मानकांच्या तुलनेत वास्तू जुनी ठरत गेली. नदीकाठी नवे स्टेडियम बांधण्याची एक योजना २००७ साली बारगळली. अखेर २०१४ च्या हंगामानंतर संघाने ग्रीअर स्टेडियम सोडले.

फोर्ट नेग्ली आणि जागेचा वाद

स्टेडियममागील टेकडीवर फोर्ट नेग्ली हा किल्ला आहे. यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेच्या सैन्याने तो बांधून घेतला. त्यासाठी २,७०० हून अधिक कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला जुंपण्यात आले. त्यांत गुलाम होते तसेच स्वतंत्र नागरिकही होते. या कामात ६०० ते ८०० जणांचा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. मजुरी मात्र त्यांतील थोड्यांनाच मिळाली.

स्टेडियम रिकामे झाल्यावर २०१७ साली या जागेवर घरे व दुकाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. या श्रमिकांची दफने तेथे असू शकतात, म्हणून इतिहासप्रेमी व मजुरांच्या वंशजांनी त्याला विरोध केला. जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय अहवालात तेथे मानवी दफने असण्याची दाट शक्यता वर्तवण्यात आली आणि प्रस्ताव मागे घेण्यात आला. २०१९ साली स्टेडियम पाडण्यात आले. जागा फोर्ट नेग्ली उद्यानात समाविष्ट करण्याचे धोरण शहराने स्वीकारले. त्याच वर्षी युनेस्कोच्या गुलामांच्या मार्गांविषयीच्या प्रकल्पात फोर्ट नेग्लीची स्मृतिस्थळ म्हणून नोंद झाली.

फर्स्ट होरायझन पार्क

२०१३ साली महापौर कार्ल डीन यांच्या प्रशासनाने राज्य शासनाशी जागेसंबंधी करार केला आणि सल्फर डेलच्या मूळ परिसरातच नवे स्टेडियम बांधण्याचे ठरले. बांधकामासाठी महापालिकेने कर्जरोखे काढले. खर्च मूळ अंदाजाच्या पुढे गेल्याने सार्वजनिक पैशाच्या विनियोगावर टीकाही झाली. बांधकामापूर्वीच्या उत्खननात इ.स. ११५० च्या सुमाराच्या मूळनिवासींच्या वस्तीच्या खुणा, चूल आणि मृत्पात्रांचे तुकडे सापडले. झऱ्याचे पाणी आटवून तेथे मीठ काढले जात असावे, असे अनुमान आहे.

‘फर्स्ट टेनेसी पार्क’ या नावाने हे स्टेडियम १७ एप्रिल २०१५ रोजी खुले झाले. २०२० पासून त्याचे नाव ‘फर्स्ट होरायझन पार्क’ असे आहे. त्याची क्षमता सुमारे १०,००० प्रेक्षकांची आहे. जुन्या सल्फर डेलप्रमाणेच येथील खेळाचे मैदानही रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. बाहेरील चढण मात्र राहिलेली नाही. गिटारच्या आकाराचा नवा, अधिक मोठा गुणफलक येथे बसवण्यात आला आहे.

स्टेडियमचा पत्ता ‘१९, ज्युनियर गिलियम वे’ असा आहे. जिम ‘ज्युनियर’ गिलियम हे मूळचे नॅशव्हिलचे. ते बाल्टिमोरच्या ईलाइट जायंट्सकडून खेळले आणि १९५३ साली डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. त्याच वर्षी त्यांना नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. १९ हा डॉजर्समधील त्यांचा क्रमांक होय. गिलियम यांच्या उमेदीच्या काळात व्हॉल्स संघाची दारे त्यांच्यासारख्या खेळाडूंना बंद होती. आज व्हॉल्सच्या जुन्या मैदानाच्या जागेवरील रस्त्याला त्यांचे नाव आहे.