कर्ज तिकडे, पाणी इकडे

गावात मोठी योजना येते, पाटी लागते, पाटीवर परदेशी बँकेचं नाव असतं. आपण विचारतो, पैसा किती आला? पण हे ठरवलं कुणी, ते विचारायचं राहून जातं.

नंदुरबार जिल्ह्यातलं, नर्मदाकाठचं मणिबेली आठवा. सरदार सरोवर धरणात बुडणारं आदिवासी गाव. १९८५ साली जागतिक बँकेनं या धरणासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. निर्णय झाला वॉशिंग्टनला, पाणी शिरणार होतं मणिबेलीच्या घरांत.

बायाबापड्यांनी ठाण मांडलं, "आम्ही हलणार नाही" म्हणाल्या. शेवटी बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ मध्ये या मोर्स समितीनं सांगितलं, की बुडणाऱ्या लोकांना नीट विचारलेलंच नाही. पुढच्या वर्षी भारत सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं.

धरण मात्र थांबलं नाही, गावं बुडाली. तरी एक दार उघडलं. १९९३ सालीच जागतिक बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशातल्या कामानं नुकसान होत असेल, तर दोघीजणी मिळूनही तिथं तक्रार करू शकतात, आपल्या भाषेत. मंडळ स्वतः काम थांबवत नाही. बँकेनं आपलेच नियम पाळले का, ते तपासतं.

म्हणून योजना आली, की गटात तीन गोष्टी विचारूया: ठरवलं कुणी? आम्हाला कधी विचारलं? तक्रार कुठं करायची? उत्तरं मिळेपर्यंत अंगठा नको, सही नको.